निदानाआधी उपचार : आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञ होण्याची वाट

रात्री दोनच्या सुमारास साठीतला एक माणूस धापा टाकत स्ट्रेचरवरून आत येतो. ओठ निळसर पडले आहेत, अंगाला दरदरून घाम सुटला आहे आणि तोंडातून शब्द एकेक करून तुटत येत आहेत. हृदय कमकुवत होऊन फुप्फुसात पाणी साचले असेल, जुना दमा उसळला असेल, न्यूमोनिया झाला असेल किंवा पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली असेल. न्यूमोनियामुळे रक्तदाब कोसळला असेल तर सलाईन बहुधा द्यावे लागते. हृदय थकून फुप्फुसात पाणी भरले असेल तर तेच सलाईन रुग्णाला बुडवू शकते. रक्ताचे अहवाल यायला पाऊण तास लागणार आहे आणि रुग्णाच्या हाताशी कदाचित दहा मिनिटे आहेत.

वैद्यकाच्या बहुतेक शाखांत आधी निदान होते आणि मग उपचार सुरू होतात. या शाखेत हा क्रम अनेकदा उलटा असतो, आणि आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञाचे सगळे प्रशिक्षण या उलट्या क्रमाची सवय लावण्यासाठी रचलेले असते. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर महाविद्यालय, अभ्यासक्रम किंवा रुग्णालय निवडताना एकच प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे : येथे मला अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची संधी किती वेळा मिळेल आणि तो निर्णय चुकत असताना माझा हात धरणारा ज्येष्ठ डॉक्टर शेजारी उभा असेल का?

शाखा तुलनेने तरुण आहे, हे लक्षात ठेवावे

या विषयातला पहिला पदव्युत्तर प्रशिक्षणक्रम अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९७० मध्ये सुरू झाला. तोपर्यंत अपघात विभागात ज्याची पाळी असेल तो डॉक्टर बसत असे, मग तो त्वचारोगाचा शिकाऊ डॉक्टर का असेना. अमेरिकेत स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता १९७९ मध्ये मिळाली. भारतात तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने ती २००९ मध्ये दिली. हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. ज्या रुग्णालयात हा विभाग नुकताच सुरू झाला आहे, तेथे या विषयात रीतसर शिकलेले अध्यापक कमी असतात आणि इतर शाखांतून आलेले डॉक्टर विभाग चालवतात. त्यांच्यातही उत्तम शिक्षक असतात, पण प्रवेश घेण्यापूर्वी आपल्याला नेमके कोण शिकवणार आहे याची चौकशी करणे आवश्यक ठरते.

पहिला टप्पा : वैद्यकीय पदवीपर्यंत पोहोचणे

येथे देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. भारतात बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि नीट ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यानंतरची एमबीबीएस पदवी साडेचार वर्षांची असते. ब्रिटनमध्येही शालेय शिक्षणानंतर थेट वैद्यकीय शाळेत जाता येते आणि तेथील अभ्यासक्रम पाच किंवा सहा वर्षांचा असतो. अमेरिकेत मात्र आधी साधारण चार वर्षांची कोणतीही पदवी, त्यासोबत ठरावीक विज्ञान विषय, मग एमकॅट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण, अशी लांबची वाट आहे.

या वयात शाखा निश्चित करण्याची घाई नसावी. तरीही ज्याला या कामाची ओढ वाटते त्याने प्रथमोपचाराचे आणि प्राथमिक जीवरक्षणाचे प्रशिक्षण घ्यावे. छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत दोन मिनिटे काढली की हात भरून येतात आणि पडद्यावर सोपे दिसणारे हे काम अंगमेहनतीचे आहे, हे कळते.

दुसरा टप्पा : पदवीच्या वर्षांत काय कमवावे

विद्यार्थी या काळात एक चूक हमखास करतात. मेडिसिन, सर्जरी आणि स्त्रीरोग हे मोठे विषय मन लावून करतात आणि नेत्ररोग, कान-नाक-घसा, अस्थिरोग, त्वचारोग यांच्या पोस्टिंगमध्ये हजेरीपुरते थांबतात. आपत्कालीन विभागात मात्र डोळ्यात चुना गेलेला गवंडी, न थांबणारा घोळणा, निखळलेला खांदा आणि अंगभर उठलेले पित्त हे सगळे एकाच शिफ्टमध्ये येते. तेथे कोणताही विषय लहान नसतो. नाकात पॅक कसा भरतात हे एकदा नीट हाताने केलेले असेल, तर दहा वर्षांनीही हात ते विसरत नाहीत.

मूलभूत विषयांपैकी शरीरक्रियाशास्त्राला सर्वाधिक वेळ द्यावा. शॉक म्हणजे काय, रक्तातील आम्ल का वाढते, व्हेंटिलेटरवर ठेवताच काही रुग्णांचा रक्तदाब का घसरतो, या प्रश्नांची उत्तरे पाठांतरात सापडत नाहीत. ती यंत्रणा समजल्यावरच सापडतात. मानेची आणि छातीची शरीररचना, औषधांच्या मात्रा आणि विषबाधा यांचेही तसेच आहे.

ईसीजीसाठी वेगळी सवय लावावी लागते. रोज एक ईसीजी, अहवाल न पाहता, ठरलेल्या क्रमाने वाचावा : गती, ताल, अक्ष, अंतराले, मग एसटी भाग. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत काढून वाचला जावा, हा सर्वमान्य निकष आहे आणि वाचणारा बहुधा तुम्हीच असाल. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या हृदयाच्या खालच्या बाजूच्या नोंदींत एसटी उंचावलेला, म्हणजे तेथे झटका बसल्याची खूण दिसली, तर लगेच छातीच्या उजव्या बाजूच्या लीड लावून बघाव्यात, कारण हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही झटका बसला असेल तर जिभेखाली ठेवलेली नायट्रोग्लिसरीनची गोळी रक्तदाब झपाट्याने खाली आणू शकते. अशा बारकाव्यांचा संग्रह पदवीच्या काळातच सुरू झाला, तर पुढे त्याला पर्याय शोधावा लागत नाही.

तिसरा टप्पा : इंटर्नशिप

भारतात पदवीनंतर एक वर्षाची फिरती इंटर्नशिप सक्तीची आहे, तर ब्रिटनमध्ये दोन वर्षांचा फाउंडेशन कार्यक्रम असतो. भारतातील अनेक विद्यार्थी हे वर्ष पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या प्रश्नसंचांत घालवतात आणि वॉर्डात सही करून निघून जातात. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, कारण जागा गुणांवर मिळते. पण या शाखेत येणाऱ्याने किमान कॅज्युअल्टीची पाळी तरी पूर्ण मनाने करावी. टाके घालणे, शीर सापडत नसलेल्या रुग्णाला आयव्ही लावणे, प्लास्टर, कॅथेटर, नाकातून जठरात नळी घालणे ही कामे अनुभवी परिचारिकेकडून शिकावीत. ती सहसा वरिष्ठ डॉक्टरांपेक्षा चांगली शिकवते.

शाखा आपल्याला झेपेल की नाही हे याच वर्षात तपासून घ्यावे. रक्त पाहून चक्कर येते की नाही, एवढ्यावर ते ठरवू नये. ती भीती सवयीने जाते. तुमचा रुग्ण वॉर्डात गेल्यावर पुढे त्याचे काय झाले हे तुम्हाला अनेकदा कळणार नाही, अर्धवट ऐकलेल्या कहाण्या घेऊन तुम्ही घरी जाल आणि एका रुग्णाची नाडी तपासत असताना चार वेळा कोणीतरी हाक मारेल. ज्याला एक काम पूर्ण करूनच दुसरे हातात घेण्याची शिस्त प्रिय आहे, त्याची येथे घुसमट होते.

चौथा टप्पा : पदव्युत्तर जागा आणि तिची पारख

भारतात नीट-पीजी परीक्षेतून दोन मुख्य मार्ग निघतात : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्यतेने महाविद्यालयात चालणारा तीन वर्षांचा एमडी आणि राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळाचा, बहुतांशी मोठ्या रुग्णालयांत चालणारा तीन वर्षांचा डीएनबी. याशिवाय काही रुग्णालये परदेशी संस्थांच्या सहकार्याने स्वतःचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. त्यांतील काहींचे प्रत्यक्ष प्रशिक्षण चांगले असते. परंतु आयोगाच्या यादीत नसलेली पात्रता तज्ज्ञ म्हणून नोंदवता येत नाही आणि तिच्या बळावर महाविद्यालयात अध्यापकाचे पद मिळत नाही. शुल्क भरण्यापूर्वी त्या पात्रतेचे नाव मान्यताप्राप्त यादीत स्वतःच्या डोळ्यांनी शोधावे. रुग्णालयाच्या माहितीपत्रकातील ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ हे शब्द त्या यादीची जागा घेऊ शकत नाहीत.

अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण, तीन किंवा चार वर्षांची असते. यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाल्याने दुसऱ्या पायरीच्या गुणांचे वजन वाढले आहे. त्याहून वजनदार असतात ती आपत्कालीन विभागातील अध्यापकांनी ठरावीक नमुन्यात लिहिलेली मूल्यमापनपत्रे. ती मिळवण्यासाठी विद्यार्थी शेवटच्या वर्षी दुसऱ्या रुग्णालयातील आपत्कालीन विभागात महिनाभर काम करतात. मग उमेदवार आणि रुग्णालये आपापले पसंतिक्रम देतात आणि मार्चमध्ये जुळणी जाहीर होते. भारतात शिकलेल्या डॉक्टराला त्याआधी परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

ब्रिटनमध्ये हा मार्ग सहा वर्षांचा आहे आणि त्याची पहिली दोन वर्षे मला सर्वांत शहाणपणाची वाटतात : आपत्कालीन विभाग, तीव्र आजारांचा मेडिसिन विभाग, भूलशास्त्र आणि अतिदक्षता, प्रत्येकी सहा महिने. श्वसनमार्ग सांभाळायला भूलतज्ज्ञाकडून आणि रात्रभर खालावत जाणारा रुग्ण ओळखायला अतिदक्षता विभागात शिकावे, या तत्त्वावर ती आखणी उभी आहे. तेथील रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिनची एमआरसीईएम ही सदस्यत्व परीक्षा भारतातील अनेक डॉक्टर देतात. तयारीचा फायदा निश्चित होतो, पण ती परीक्षा आहे, प्रशिक्षण नव्हे, हे विसरू नये.

जागा निवडण्यापूर्वी शक्य असेल तर त्या विभागात एक संध्याकाळ उभे राहावे आणि दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांशी एकांतात बोलावे. विभागप्रमुख सांगतील ते खरे असेलच, पण रात्री तीन वाजता काय होते हे निवासी डॉक्टरच सांगू शकतात. रात्री अध्यापक प्रत्यक्ष हजर असतात की फोनवर असतात? श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली की विभागातला निवासी डॉक्टर ती घालतो की भूलतज्ज्ञाला बोलावले जाते? मेडिसिनची कॅज्युअल्टी वेगळी आणि सर्जरीची वेगळी अशी दारातच वाटणी होते का? तशी होत असेल, तर तुम्ही रुग्णांना दिशा दाखवणारे फलक होऊन तीन वर्षे काढाल. लहान मुले, गरोदर स्त्रिया, विषबाधा, मोठे अपघात यांपैकी कोणता गट त्या रुग्णालयात येतच नाही, आणि त्याची भरपाई बाहेरच्या पोस्टिंगने केली जाते का? सोनोग्राफी यंत्र विभागाचे स्वतःचे आहे का? मृत्यू आणि गुंतागुंत यांची चर्चा करणारी बैठक नियमित होते का, आणि तिच्यात चूक शोधतात की दोषी शोधतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचा क्षणभर थांबला, तर त्या थांबण्यातच उत्तर मिळते.

पाचवा टप्पा : निवासी डॉक्टरची वर्षे

पहिले वर्ष क्रम अंगात मुरवण्याचे असते : श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती आणि मग संपूर्ण शरीर उघडून पाहणे. आधी जे सर्वांत लवकर जीव घेईल ते तपासायचे आणि दोष सापडला की पुढे न जाता तेथेच दुरुस्त करायचा. अपघातातील रुग्णाच्या छातीत दाबाखाली हवा साठून रक्तदाब कोसळत असेल, तर एक्स-रेची वाट न पाहता सुई घालून ती हवा मोकळी करावी लागते. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीचे वाक्य असते. प्रत्यक्षात आवाज चहूबाजूंनी येत असतात, स्टेथोस्कोपमधून काहीच नीट ऐकू येत नाही आणि आपण चुकत तर नाही ना, या शंकेने हात थांबतो. तो थांबलेला हात हलवण्यासाठीच ही वर्षे असतात.

श्वासनलिकेत नळी घालण्याचे कौशल्य जरा जवळून पाहण्यासारखे आहे. नवखा डॉक्टर लॅरिंगोस्कोपचे, म्हणजे घसा उघडून पाहण्याच्या उपकरणाचे, पाते कसे धरावे याचीच चिंता करतो. मुरलेला डॉक्टर पाते हातात घेण्यापूर्वीची पाच मिनिटे महत्त्वाची मानतो. तो रुग्णाच्या डोक्याखाली घड्या घालून कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडाचे वरचे टोक एका रेषेत आणतो. फुप्फुसांत पुरेसा प्राणवायू साठवून घेतो. रक्तदाब कमी असेल तर आधी तो सावरतो, कारण गुंगीच्या औषधाने तो आणखी घसरणार असतो. सक्शनची नळी चालू करून उशीखाली उजव्या हाताशी खोचतो. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगतो : पहिला प्रयत्न व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने, नळी गेली नाही तर बूजी (नळीला वाट दाखवणारी बारीक लवचिक काडी) वापरू, तेही नाही जमले तर स्वरयंत्रावर बसणारा मास्क आणि काहीच नाही जमले तर गळ्यातून मार्ग. नळी गेल्यावर छाती हलली, आवाज आला एवढ्यावर तो समाधान मानत नाही. श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची लहर मॉनिटरवर दिसेपर्यंत त्याचा जीव भांड्यात पडत नाही.

गळ्यातून मार्ग करण्याची वेळ सबंध प्रशिक्षणात एकदाही येणार नाही, असे घडू शकते. अशी दुर्मीळ कौशल्ये पुतळ्यांवर पुन्हा पुन्हा गिरवावी लागतात. अपघातग्रस्तांसाठीचा एटीएलएस, हृदय थांबलेल्या रुग्णांसाठीचा एसीएलएस आणि मुलांसाठीचा पाल्स हे छोटे अभ्यासक्रम त्यासाठी असतात. एटीएलएसच्या जन्माची हकिकत विलक्षण आहे. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान फेब्रुवारी १९७६ मध्ये नेब्रास्कातील शेतात कोसळले. त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला आणि जखमी मुलांना जवळच्या रुग्णालयात मिळालेली वागणूक पाहून त्यांना वाटले की आपण शेतात अपुऱ्या साधनांनिशी याहून बरी काळजी घेत होतो. त्या अस्वस्थतेतून १९७८ मध्ये पहिला अभ्यासक्रम झाला. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपते, तशी त्यातल्या कौशल्याचीही संपते. म्हणून ठरलेल्या वेळी तो पुन्हा करावा.

दुसऱ्या वर्षी एका रुग्णाभोवतीच्या चमूचे नेतृत्व हाती येते आणि तिसऱ्या वर्षी सबंध विभागाचे. नेतृत्व शिकताना सर्वांत अवघड जाते ते स्वतःचे हात मागे बांधून रुग्णाच्या पायथ्याशी उभे राहणे. नेता सुई टोचायला वाकला की त्याची नजर मॉनिटरवरून हटते. औषधाची मात्रा सांगितली की ऐकणाऱ्याने ती पुन्हा उच्चारावी, हा नियमही याच काळात अंगवळणी पडावा. विभाग चालवताना कोणाला घरी पाठवायचे हा निर्णय कोणाला भरती करायचे यापेक्षा जास्त कस पाहतो. छातीत दुखणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना घरी पाठवता येते असे समजू. दहावा कोण हे ओळखण्यासाठी प्रमाणित नियम, पुन्हा काढलेला ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि ‘हे हे झाले तर लगेच परत या’ अशी स्पष्ट लेखी सूचना, या सगळ्यांची गरज लागते.

शिफ्ट बदलतानाचा हॅंडओव्हर हा चुकांचा ठरलेला दरवाजा आहे. ‘खाट क्रमांक सहा, पोटदुखी, सीटी बाकी’ एवढ्यावर रुग्ण सोपवू नये. आपल्याला कशाची भीती वाटते आणि अहवाल अमुक आला तर काय करायचे ठरवले आहे, हेही सांगावे.

मृत्यूची बातमी देणे हेही शिकण्याचे कौशल्य आहे आणि ते वरिष्ठांच्या शेजारी बसून शिकावे. नातेवाइकांना बाजूच्या खोलीत न्यावे, स्वतः खाली बसावे, आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारावे आणि मग साध्या शब्दांत सांगावे. मराठीत ‘ते गेले’ म्हटले तर घाबरलेल्या मुलाला ते दुसऱ्या रुग्णालयात गेले असे वाटू शकते. ‘त्यांचा मृत्यू झाला आहे’ हे वाक्य उच्चारायला कठीण असले तरी तेच म्हणावे, आणि त्यानंतर काही क्षण काहीही बोलू नये.

परीक्षा आणि त्यापुढची दालने

भारतातील एमडीसाठी प्रबंध, चार लेखी प्रश्नपत्रिका आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते. प्रबंधाचा विषय पहिल्या सहा महिन्यांतच निवडावा आणि तो असा असावा की त्याची माहिती रोजच्या कामात आपोआप जमा होईल. वर्षातून पाचच रुग्ण येणाऱ्या आजारावर प्रबंध घेणारे शेवटच्या वर्षी रडकुंडीला येतात. ब्रिटनमध्ये अखेरची परीक्षा एफआरसीईएम, तर अमेरिकेत प्रमाणन मंडळाची परीक्षा असते. एकूण हिशेब केला तर शालेय शिक्षणानंतर भारतात किमान साडेआठ वर्षे, अमेरिकेत अकरा-बारा आणि ब्रिटनमध्ये साधारण तेरा वर्षे लागतात.

पुढे उपशाखा आहेत : विषचिकित्सा, बालआपत्कालीन वैद्यक, अतिदक्षता, रुग्णवाहिका आणि रुग्णालयपूर्व सेवा, खाटेशेजारची सोनोग्राफी. अमेरिकेत सोनोग्राफीची फेलोशिप साधारण एक वर्षाची, तर विषचिकित्सेची दोन वर्षांची असते. माझा सल्ला असा की दोन वर्षे तज्ज्ञ म्हणून स्वतंत्र काम केल्यावरच ती निवडावी. तोवर कोणत्या रुग्णासमोर आपण अजूनही अडखळतो, ते कळलेले असते.

शिफ्टच्या कामाची किंमत शरीराकडून वसूल होते. वेळापत्रक करण्याचा अधिकार मिळाल्यास पाळ्या सकाळ, संध्याकाळ, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवाव्यात, कारण झोपेचे घड्याळ मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणे शरीराला सोपे जाते. सलग रात्रपाळ्यांनंतर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये.

राहता राहिली ती वही. पाळी संपल्यावर, ज्या रुग्णांच्या बाबतीत आपल्याला खात्री नव्हती अशा तिघांचे केसपेपर क्रमांक खिशातल्या छोट्या वहीत लिहावेत, समोर आपला अंदाज लिहावा आणि दोन दिवसांनी वॉर्डात जाऊन किंवा संगणकावर अंतिम निदान पाहावे. रुग्णाचे नाव लिहू नये. धापा टाकत आलेल्या त्या माणसाच्या क्रमांकापुढे तुम्ही ‘फुप्फुसात पाणी’ असे लिहिलेले असेल आणि वॉर्डातल्या कागदावर ‘रक्ताची गुठळी’ असे असेल, तर सोनोग्राफीची साठवलेली चित्रे पुन्हा उघडावीत आणि गुठळीमुळे हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला तेव्हाच दिसत होता का, हे पाहावे.